चार सतरापर्यंत थांब : ठाणे, डोंबिवली आणि खडवलीतलं एक बंद पडलेलं रेडिओ स्टेशन

एके सकाळी पोहे परतता परतता आई सहज म्हणाली, "यांचा आवाज आठवेनासा झालाय गं. चेहरा फोटोत आहे, पण आवाज नाही."

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. संध्याकाळी दूध आणायला खाली उतरले आणि दुकानाच्या पायरीवरच कोसळले. घरातल्या सगळ्या व्हिडिओंमध्ये कॅमेरा त्यांच्याच हातात, त्यामुळे ते स्वतः गप्प. गंमत म्हणजे आमच्या घरात सगळ्यात जास्त ऐकला गेलेला आवाज त्यांचाच होता. बाबा 'रेडिओ झुळूक'चे ड्रायव्हर होते आणि ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत लोकांना किती वाजले ते तेच सांगायचे.

त्याचं असं झालं. स्टेशन सुरू झालं तेव्हा वेळ सांगायला निवेदिकेचा आवाज ध्वनिमुद्रित केला. तीन महिन्यांत ती नोकरी सोडून गेली. दुसरी आली, तीही गेली. दर वेळी बारा तासांच्या सातशे वीस मिनिटांची सातशे वीस वाक्यं नव्यानं. मालक वैतागले आणि म्हणाले, जो सोडून जाणार नाही त्याचा आवाज घ्या. बाबांची निवड झाली ती अशी. ते गेल्यावरही त्यांचा आवाज पाच वर्षं हवेत होता. आईनं पहिल्याच आठवड्यात रेडिओ माळ्यावर टाकला. आवाज रोज लागतोच आहे, म्हणून साठवून ठेवायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. मग स्टेशनच बंद पडलं.

मी गायकवाड काकांना फोन केला. हे झुळूकचे इंजिनिअर, बाबांचे मित्र. बाबांचा आवाज कुठे शिल्लक आहे का, विचारलं. ते म्हणाले, "गाणी आणि वेळ लावायचं मशीन चालू आहे की. खडवलीला. पण सोमवारी शेड पाडतायत. यायचं तर शनिवारी ये." स्टेशन सहा वर्षांपूर्वी बंद झालंय, मग मशीन कसलं चालू, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

शनिवारी सकाळी सातला स्कूटर काढली. घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना एकच सल्ला, आठच्या आत निघा, नाहीतर माजिवड्यापर्यंतच निम्मा दिवस जातो. जाता जाता स्टेशनच्या दोन्ही जुन्या जागा बघायच्या असं ठरवलं होतं. रस्त्याच्या हिशेबानं आधी शेवटची जागा लागते आणि मग पहिली.

ही शेवटची जागा टेंभी नाक्याजवळ, दुसऱ्या मजल्यावर आहे. घोडबंदरचे टॉवर उभे राहायला लागले, बिल्डरांच्या जाहिराती आल्या आणि स्टेशन डोंबिवलीहून इथे दिमाखात आलं. पुढे कार्यक्रम दुसऱ्या शहरातून तयार होऊन यायला लागले. निवेदक गेले, फर्माइशी गेल्या आणि ठाण्याचं म्हणून उरलं ते एवढंच, मध्ये मध्ये वेळ सांगणारे बाबा. आता तिथे दातांचा दवाखाना आहे. डॉक्टरांच्या खोलीवर 'ऑन एअर'चा लाल दिवा अजून तसाच आहे. आत पेशंट असला की तो लागतो.

"काढला नाहीत?" मी रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं.

"बटणच सापडत नाही मॅडम. पेशंट आत गेला की आपला आपण लागतो. आता सवय झाली." ती हसली. मला हसू आलं नाही. खाली उतरून चहा आणि कांदाभजी घेतली, दोन्ही उत्तम होतं.

तिथून माणकोलीच्या नव्या पुलावरून डोंबिवली. पूल झाल्यापासून हा रस्ता सुखाचा झालाय, फक्त खाडीवर वारा स्कूटरला ढकलतो, तेवढं सांभाळा. पहिला स्टुडिओ पूर्वेला एका छापखान्याच्या वर होता. भिंतींना गाद्या ठोकलेली खोली, एक टेबल, एक माइक. लग्नाच्या हॉलच्या आणि क्लासच्या जाहिराती, दुपारी फर्माइशी. आता तिथे दहावीचा क्लास चालतो. क्लासच्या बाईंनी आनंदानं आत नेलं, पण शेवटच्या खोलीपाशी थांबल्या.

"ही आम्ही वापरत नाही. मुलं बसत नाहीत इथे. बाहेरचा आवाज अजिबात येत नाही ना, स्वतःचा श्वास ऐकू यायला लागतो."

दार तेच होतं, जाड, हिरव्या रेक्झिनचं. मी नऊ वर्षांची असताना या दाराबाहेर दोन दुपारी बसून होते. शाळा लवकर सुटली होती आणि आई ऑफिसात. बाबा आत एकामागून एक मिनिटं वाचत होते. आवाज करायचा नाही असं बजावलं होतं, तरी कंटाळून मी एकदा दार वाजवलं होतं. आता त्या खोलीत एकटी उभी राहिले. जेमतेम एक मिनिट. मग बाहेर आले आणि बाईंना उगाचच दोनदा धन्यवाद म्हणाले.

डोंबिवलीत मिसळ खाऊन घ्या, पुढे धड काही मिळत नाही. कल्याण, टिटवाळा करत खडवलीला पोचायला साडेबारा झाले. भातसा नदीवर सहलीची गर्दी असते. पाणी शांत दिसतं, पण गावातले लोक उतरू नका म्हणतात आणि त्यांचं ऐकावं. स्टेशनचा मास्ट, म्हणजे प्रक्षेपणाचा उंच लोखंडी मनोरा, नदीपासून आत, माळावर आहे. त्याच्यावर आता मोबाइलचे अँटेना आहेत. त्यांची देखरेख काकाच करतात, म्हणून वीज आहे. मास्टच्या पायथ्याशी पत्र्याची शेड. आसपास चिटपाखरू नाही, भर दुपारचं ऊन आणि शेडच्या आतून गाणं ऐकू येत होतं.

आतल्या मशीनवर धुळीचा थर होता. लहानसा स्पीकर वाजत होता. काकांनी मला स्टूल दिलं.

"बंद कधी केलंच नाही," ते म्हणाले. "हार्डडिस्क जुनी आहे. एकदा बंद पडली की परत उठायची नाही. हवेत काही जात नाही गं, नुसतं इथल्या इथे वाजतं. गाणी लागतात, जाहिराती लागतात. एखादं दुकान कधीच बंद झालं, पण त्याची जाहिरात लागते."

सहा वर्षं. कुणी ऐकत नसताना. तेवढ्यात गाणं संपलं आणि बाबा बोलले.

"झुळूकच्या घड्याळात वाजलेत बारा आणि झालीत एकोणतीस मिनिटं."

किंचित नाकातला, ड्रायव्हिंग करताना हळूच शिवी द्यायचे तोच आवाज. मी रडले. काका बाहेर जाऊन उभे राहिले. रडून झाल्यावर घड्याळ बघितलं तर पाऊण वाजून गेला होता.

"मशीनचं घड्याळ वीस मिनिटं मागे पडलंय," काका म्हणाले. "नीट करायला गेलो तर हँग होतं."

म्हणजे बाबा आता आमच्यापेक्षा वीस मिनिटं मागे राहतात.

मी पेनड्राइव्ह काढला. काकांनी माझा हात धरला. मागे एकदा पेनड्राइव्ह लावला तेव्हा मशीन अर्धा तास मेल्यासारखं झालं होतं. म्हणून मग फोन स्पीकरसमोर धरून रेकॉर्ड करायचं ठरलं. दर तीन-चार गाण्यांनंतर एकदा वेळ. सातशे वीसपैकी ज्या मिनिटांना आपण तिथे आहोत तेवढीच मिळणार. दोनपर्यंत चार मिळाली आणि मला उकाड्यानं गरगरायला लागलं.

"निघू का काका?"

"चार सतरापर्यंत थांब."

"का?"

"तू थांब तर."

थांबले. खऱ्या घड्याळात चार सदतीस झाले, गाणं मध्येच थांबलं आणि बाबा म्हणाले, "झुळूकच्या घड्याळात वाजलेत चार आणि झालीत सतरा मिनिटं." मग दारावर टकटक. मग माइकपासून जरा लांबून, हसऱ्या आवाजात, "थांब गं, आलोच."

ते दार मी वाजवलं होतं.

"पहिल्याच दिवशी हे हवेत गेलं," काका सांगत होते. "साहेब ओरडले, काढून टाक म्हणाले. मी चार सतरा लागूच नये असं केलं, पण पुसलं नाही. स्टेशन बंद झाल्यावर म्हटलं, आता कोण ओरडणार? रोज लावतो."

माझ्याकडे बारा मिनिटं जमली होती. सोमवारी शेड जाणार होती. मला हाव सुटली. काका म्हणाले, "लाव. काय व्हायचं ते होऊ दे." पेनड्राइव्ह लावला. स्क्रीन निळा झाला, गाणं एका सुरावर अडकलं आणि बंद पडलं. आम्ही अर्धा तास बटणं दाबत होतो. मग काकांनी खांद्यावरच्या टॉवेलनं मशीनवरची धूळ पुसली आणि शेडला कुलूप लावलं. माझ्या हातानं झालं ते, अजून जड जातं.

पेट्रोल-चहा-मिसळ धरून सगळा प्रवास पाचशेच्या आत झाला, पण तुम्ही खडवलीला गेलात तरी आता तिथे काही वाजत नाही.

घरी पोचले तेव्हा आई जेवायची थांबली होती. तिनं मशीनची, वीस मिनिटांची, सगळी हकीकत ऐकली आणि मग एकेक मिनिट डोळे मिटून. शेवटी चार सतरा लावलं. टकटक, "थांब गं, आलोच."

आईनं डोळे उघडले. "हे पुसून टाक."

"अगं, ते माझ्याशी बोलतायत त्यात."

"त्या दिवशी दुधाला जाताना मी म्हटलं, चहा टाकते. तर हेच म्हणून गेले. अगदी हेच, अशाच आवाजात." ती ताट घ्यायला उठली. "बाकीची ठेव. हे नको."

पुसलं, असं मी तिला खोटंच सांगितलं.

पुढच्या शनिवारी दुपारी मी झोपून उठले तर घरात सामसूम. आई हॉलमध्ये खुर्चीवर बसली होती. इस्त्रीची साडी, केस नीट विंचरलेले, नजर दारावर. गॅसवर चहाचं आधण उकळत होतं.

"कुठे निघालीस का?"

"नाही गं. बसलेय."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. चार वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. मी गॅस बारीक केला आणि तिच्या शेजारी जाऊन बसले.