दुखणं माझं हाय

"ए बाबा, काढ ते गळ्यातलं गाठुडं! लवकर!"

एमआरआयच्या खोलीबाहेर पांढऱ्या कोटातला माणूस माझ्यावर खेकसला. बाकड्यावर बाया बसलेल्या. माझ्या अंगात मागून उघडा झगा, एका हातानं आवळून धरलेला. गाठुडं म्हणं! आमी लिंगायत. मरेस्तोवर लिंग अंगावेगळं करत न्हाई. मशीनपाशी धातू चालत न्हाई असं गावच्या डॉक्टरनं सांगितलतं, म्हणून लिंगाची चांदीची डबी गावाकडं, दिंद्रुडलाच ठेवली. बायकोनं धुतल्या कापडात लिंग बांधून, सुती दोऱ्यात ओवून दिलं.

"यात धातू न्हाई हो साहेब," मी म्हणलं.

"तू डॉक्टर आहेस का बे?" त्यानं दोरा ओढला आन् घेऊन गेला.

मी भ्यालो. लघवीतनं रक्त गेलतं, रक्ताच्या तपासात प्रोस्टेटचा आकडा लई वाढलेला. कॅन्सर हाय का न्हाई, एवढंच मला कळाय पायजे होतं. त्यापायी दुकान बंद ठेवून, धाकट्या भावाला संगं घेऊन, यस्टीत धक्के खात औरंगाबादला आलतो. भांडलो आन् यानं हाकलून दिलं तर?

मशीनीत कानापाशी कुणी पत्रा बडवावा तसा आवाज. हलू नको म्हणले, हललो न्हाई. ह्यात काय दिसणार, किती वेळ लागणार, कुणी काय बी सांगितलं न्हाई. बाहेर आलो तं लिंग चपलांच्या फळीवर! कुणाच्या तरी बुटाला टेकलेलं. अंगाची लाही लाही झाली. उचललं, कपाळाला लावलं, गळ्यात घातलं. आन् त्या माणसाला जाब इचारायचं सोडून कपडे घालाय गेलो. माझीच मला लाज वाटली.

मग मोठ्या डॉक्टरची खोली. त्यांनी फोटो उजेडाच्या काचेवर लावला आन् माझ्या धाकट्या भावाला म्हणले, "पेशंटला बाहेर बसवा."

आमच्याकडं हीच रीत. ज्याला कॅन्सर झाला त्यालाच सांगायचं न्हाई. समदा गाव कुजबुजणार, आन् त्याला म्हणणार, उष्णता हाय, जाईल. माझा चुलता असाच गेला, शेवटपर्यंत बरं व्हायची वाट बघत.

भावानं माझा दंड धरला. "चला दादा, जरा वारं घ्या."

मी हात झटकला. "कावून उठू? त्या मशीनीत मी झोपलतो का ह्यो? दुखणं माझं हाय. माझ्या तोंडाकडं बघून सांगा."

"तुम्हाला झेपायचं नाही, आजोबा."

"ते मी बघतो. सांगा."

भाऊ रडाय लागला. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण सांगितलं. प्रोस्टेटमधी गाठ दिसते, कॅन्सरचीच शंका हाय, सुईनं तुकडा काढून तपासल्याबिगर पक्कं म्हणता यायचं न्हाई. भ्या वाटलं, खोटं कशाला बोलू. पण खुर्ची सोडली न्हाई.

परतताना यस्टीत भाऊ हळूच म्हणला, "वहिनीला मुतखडा सांगू."

"गप बस," मी म्हणलं. तिला मीच सांगणार, कॅन्सरची शंका हाय म्हणून. आन् तुकड्याचा निकाल यील तवा कॅन्सर असंल तर असंल, पण तो आधी मी ऐकणार. मला दाराबाहेर बसवून माझ्या मरणाची चर्चा आता कुणालाच करू देणार न्हाई.