माझ्या वाट्याचा पेला

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चच्या मंडळीत प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकरीचा तुकडा आणि घोटभर द्राक्षरस घ्यायचा, आणि तो द्राक्षरस माझ्या स्वयंपाकघरात तयार होतो. बाहेरच्या कुणाला हे सांगितलं की त्यांच्या डोळ्यांपुढे दारूची बाटली उभी राहते. तसलं काही नसतं. काळ्या मनुका आणायच्या, देठ काढायचे, शुक्रवारी रात्री भिजत घालायच्या. शनिवारी उकळायच्या, कुस्करायच्या, मलमलीच्या फडक्यातून गाळायच्या आणि रस कोमट असतानाच त्यात दोन मुठी साखर घालायची. आईची हीच पद्धत होती. अंथरुणाला खिळल्यावरही साखर तीच घालायची; ती गेल्यावर सगळं काम माझ्याकडे आलं. रत्नागिरीतल्या आमच्या तीस-पस्तीस माणसांच्या मंडळीत एखादं काम एकदा ज्याच्या गळ्यात पडलं ते मरेपर्यंत त्याचंच.

अकरा वर्षं मी तो रस केला आणि अकरा वर्षं त्यातला थेंबही जिभेला लावला नाही.

ते जमवलं कसं, तेही सांगते. रस माझा म्हणून पेले भरणं, तबकं लावणं हेही माझ्याकडेच. औषधाच्या मापाएवढाले काचेचे पेले असतात. पाळकसाहेब तबक घेऊन बाकांकडे निघाले की मी मागच्या खोलीत जायची. दुसरं तबक आणायला, फडकं शोधायला, काहीतरी. परत येईपर्यंत सगळ्यांचं झालेलं असायचं आणि माझा पेला तबकात उरायचा. प्रार्थना करून आशीर्वाद मागितलेला रस मोरीत ओतायचा नाही, हे आईनंच शिकवलेलं. म्हणून उपासना संपली की मी तो चर्चच्या मागे बकुळीच्या बुंध्याशी नेऊन ओतायची. लोक तोवर पुढच्या पडवीत पाण्याच्या माठाशी गर्दी करून असायचे. प्रभुभोजनानंतर आमच्या मंडळीला फार तहान लागते. मला वाटायचं, उकाड्यानं.

कुणाच्या मनात भावाबहिणीविषयी काही अडकलेलं असेल तर त्यानं आधी ते मिटवावं आणि मग प्रभुभोजनाच्या मेजाशी यावं, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. वडील मंडळीचे पंच होते, त्यामुळे घरात ह्याला सूट नव्हती. माझं अडकलेलं होतं. ते मिटवायची हिंमत नव्हती आणि तसंच जाऊन पेला उचलण्याइतकी मी निर्ढावलेही नव्हते. कुणी विचारलं असतं तर मी सांगितलंही असतं कदाचित. पण जो वाढतो तो जेवला का, हे कोण विचारतं?

माझी धाकटी बहीण पंचविशीत पालीच्या पुढच्या एका गावात लग्न करून गेली. मुलगा शेतकऱ्याच्या घरचा, हिंदू. वडिलांनी तिचं नाव घरात घ्यायचं नाही असं बजावलं आणि ते जाईपर्यंत कुणी घेतलं नाही. मी थोरली, शाळेत शिक्षिका. माझं लग्न राहून गेलं. राहून गेलं म्हणजे, दोन स्थळं बहिणीचं कळल्यावर परत फिरली आणि तिसरं कुणी आणलंच नाही. वडिलांच्या मागे आई आणि मी उरलो. सात वर्षं मी आईला अंघोळ घातली, भरवलं, तिची कूस बदलली. ह्याचा मला राग नाही, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. कुणी न विचारताही सांगायची.

शेवटच्या आठवड्यात आई रोज एकच विचारायची, "तिला फोन केलास?"

नंबर वहीत होता आणि वही तिच्या उशाशी होती. दोन दिवस मी "करते" म्हणत ढकललं. तिसऱ्या दिवशी मी तिचे केस विंचरत होते. तिनं दाराकडे बघत पुन्हा तेच विचारलं आणि माझं डोकं फिरलं. फणी माझ्या हातात, गू-मूत माझ्या हातानं काढलेलं, आणि हिचे डोळे दाराकडे. मी म्हणाले, "केला. जमणार नाही म्हणाली."

आई रडली नाही. "बरं," म्हणाली. त्यानंतर तिनं एकदाही विचारलं नाही, दाराकडेही बघितलं नाही. तिथून चौथ्या दिवशी ती गेली.

मग मी फोन केला. बहीण मिळेल त्या गाडीनं आली. दफनाच्या वेळी मूठभर माती टाकून झाल्यावर तिनं विचारलं, "ताई, दोन दिवस आधी नाय का गो कळवायचंस?" मी म्हणाले, सगळं एकाएकी झालं, आई शुद्धीवरच नव्हती. तिनं ते खरं मानलं आणि माझ्याच गळ्यात पडून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. तो हात मला अजून आठवतो आणि स्वतःची किळस येते.

ती मात्र मागचं विसरून माझ्याशी जवळीक करू पाहत होती. नाताळात फोन करायची, गावातून कुणी येणार असलं की आमसुलं, कुळथाचं पीठ पाठवायची. मी दोन वाक्यांत आटपायची. तिला वाटायचं, ताई अजून वडिलांच्याच बाजूची आहे. मी तिला तसं वाटू दिलं.

निवृत्त झाल्यावर घरात बोलायला कुणी उरलं नाही. मिरकरवाड्यावरून येणाऱ्या कोळणीकडून मी दोन बांगडे मागायची आणि ती दर वेळी म्हणायची, "दोन काय घेता बाई, पाहुणे आले तर?" पाहुणे येत नाहीत हे तिलाही ठाऊक होतं. रोज सकाळी प्रभूची प्रार्थना म्हणताना क्षमेच्या ओळीशी माझा आवाज खाली जायचा. ऐकायला घरात पाल होती, दुसरं कोण? देव क्षमा करतो, हे मी रविवारच्या शाळेत पोरांच्या पिढ्यांना शिकवलं. माझ्या बाबतीत मात्र मला वाटायचं, त्याला सांगून काय होणार? खोटं त्याच्याशी थोडंच बोलले होते. जिच्याशी बोलले ती मातीत होती आणि जिच्याविषयी बोलले तिला मी तोंड दाखवत नव्हते.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या पहिल्या रविवारी मी बकुळीशी पेला ओतत होते, तेव्हा नवे पाळकसाहेब मागून आले. वयानं माझ्या विद्यार्थ्यांएवढे. बुंध्याकडे बघत म्हणाले, "बाई, ह्या झाडाला एवढ्या मुंग्या कशा लागतात?" मग त्यांचं लक्ष माझ्या हातातल्या पेल्याकडे गेलं.

"उरलेला रस आहे," मी म्हणाले.

"दर महिन्याला एकच पेला उरतो?"

"तुम्ही उपासनेकडे लक्ष द्या, पाळकसाहेब. पेले मी बघते."

त्यांना राग आला नाही. म्हणाले, "झाडानं काही पाप केलेलं नाही, बाई. क्षमेचा पेला त्याला कशाला पाजता?" आणि गेले.

मला इतका संताप आला की दुपारी तव्यावरचे बांगडे करपले. कालचा पोर मला शिकवणार. सोमवारी, मंगळवारी मी मनातल्या मनात त्यांना उत्तरं देत होते, एकाहून एक बोचरी. गुरुवारपर्यंत उत्तरं संपली आणि त्यांचं वाक्य तेवढं राहिलं. शुक्रवारी सकाळी मी एसटीत बसले.

हातखंब्याच्या पुढे रस्ता खणून ठेवलेला, गाडी रडतखडत चाललेली. उतरून कातळावरून भर उन्हात चालत गेले. बहीण अंगणात आमसुलांसाठी रातांबे फोडत बसली होती. सालं एका सुपात, बिया दुसरीकडे, मनगटापर्यंत हात लाल. मला बघून ती दचकून उठली.

"ताई? काय झालं गो, कोण गेलं?"

मी तिच्या दारात आपणहून येणं म्हणजे कुणीतरी मेलेलं असणार, हेच तिला पहिल्यांदा सुचलं. मी तिथंच बसले आणि सगळं सांगितलं. फणी, दार, "जमणार नाही म्हणाली", आईचं "बरं". मग पेल्याचं आणि बकुळीचंही. तिनं आधी काम चालू ठेवलं होतं. "बरं" ऐकल्यावर हात थांबला.

सूप बाजूला सारून ती म्हणाली, "इतकी वर्षं मी मनाला सांगत होते, आईला शुद्ध नव्हती, तिनं माझी वाट बघितली नाय. आता तू सांगतेस, ती वाट बघत होती. आणि मीच नाय म्हटलं असं समजून गेली. तू सांगून मोकळी झालीस, ताई. मी आता ह्याचं काय करू?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. येताना गाडीत मी स्वतःचाच विचार केला होता, माझं पाप, माझी क्षमा. तिच्याजवळ एवढा एक दिलासा होता, तोही मी माझ्याच खोट्यानं दिलेला, आणि तो मी आज काढून घेतला होता. मी म्हणाले, "मला माफ कर."

"आत्ता मागू नको."

तिनं हात धुतले, मला भात-आमटी वाढली. स्वतः जेवली नाही. संध्याकाळच्या गाडीला पोचवायला मात्र फाट्यापर्यंत आली. गाडी लांबून दिसली तेव्हा म्हणाली, "आज मला काय बोलता येणार नाय. पण परत ये."

"कधी?"

"मनुका आणशील तेव्हा. देठ आपण दोघीच काढायचो ना."

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारआधीच्या शुक्रवारी मी मनुकांची पिशवी घेऊन तिच्याकडे जाऊ लागले. ती बोलायची कमी. तिची बोटं बारीक, देठ चटचट निघायचे. माझे हात वडिलांवर गेलेले, माझ्या मापाच्या बांगड्या रत्नागिरीच्या बाजारात मिळत नाहीत, तेव्हा माझं काम संथ. प्रत्येक वेळी ती त्या दिवसांविषयी एखादी गोष्ट विचारायची. आई तेव्हा काय खायची? भांग कुठल्या बाजूला होता? "बरं" म्हणाली ते कसं म्हणाली, रागानं की नुसतंच? मी खरं ते सांगायची. हे उत्तर देणं मला आधीच्या कबुलीपेक्षा जड गेलं. जुलैत ती लावणीतून चिखलाच्या पायांनी आली, पायरीवर बसून वाटीभर देठ काढले आणि काही न विचारता परत शेतात गेली. त्या दिवशी गाडीत मला वाटलं, पुढच्या महिन्यात जाऊ नये. गेले मात्र. पेला दर महिन्याला बकुळीलाच जात होता. पाळकसाहेबांनी ते बघितलं असणार, पण बोलले नाहीत.

नोव्हेंबरच्या शुक्रवारी भात कापून अंगणात पडलेलं होतं. आम्ही पडवीत बसलो होतो. त्या दिवशी तिनं काही विचारलं नाही. मनुका संपल्यावर तिनं पिशवीचं तोंड बांधलं आणि ती गाठ हातात धरून म्हणाली, "ह्या रविवारी झाडाला घालू नको. तू पी."

मी तिच्याकडे बघितलं.

"माफ केलं असं मी अजून म्हणत नाय," ती म्हणाली. "येईल तेव्हा म्हणेन. पण पी तू."

रविवारी मी बाकावरून उठले नाही. पाळकसाहेब तबक घेऊन माझ्यापाशी आले आणि इतरांपेक्षा जरा जास्त वेळ थांबले. मी माझा पेला उचलला. मी रडेन असं वाटलं होतं. रस तोंडात गेला आणि रडायचं राहिलं.

नुसता पाक होता. घशाला चिकटणारा, कानशिलं झिणझिणवणारा गोड. पलीकडच्या बाकावर ज्यांना साखरेचा आजार आहे असे एक वयस्कर गृहस्थ डोळे घट्ट मिटून गिळत होते. मागच्या खोलीच्या दारातून ते मला आजवर भक्तीचं वाटायचं. उपासना संपल्यावर मीही सगळ्यांबरोबर माठापाशी गेले आणि दोन भांडी पाणी प्यायले.

घरी आले, कुलूप काढलं आणि चप्पलही न काढता बहिणीला फोन लावला.

"प्यायले," मी म्हणाले.

"कसा होता?"

"पाक. अकरा वर्षं मी माणसांना पाक पाजतेय आणि एकानं तोंड उघडलं नाही."

ती हसली. आई गेल्यापासून तिचं हसणं मी ऐकलं नव्हतं. मग तिनं विचारलं, "साखर किती घालतेस?"

"दोन मुठी. आईसारख्याच."

पलीकडे तिच्या अंगणात कोंबड्या बोलत होत्या.

"ताई, तुझा हात केवढा, आईचा केवढा? आईची मूठ माझ्याएवढी होती. नाताळच्या महिन्यात मीच येते तिकडं. साखर मी घालीन."

मी दाराकडे बघत उभी होते. "बरं," म्हणाले.