दोन्हीकडं सारखं कळतंय का?

आमच्या उदगीरच्या गल्लीत कुणाला सर्दी झाली, की महानंदाकाकू जवळ येतात, त्याचे दोन्ही गाल बोटांनी चाचपतात आणि विचारतात, "दोन्हीकडं सारखं कळतंय का?" नव्या माणसाला हसू येतं. आम्हाला येत नाही.

काकूंचं डाळीचं दुकान. तुरीच्या दिवसांत भुशानं त्यांचं नाक चोंदलेलंच असायचं. "सर्दीच हाय की, लई कौतुक नको," म्हणत त्या वाफ घ्यायच्या. साखरेच्या आजाराच्या गोळ्या मात्र आठवल्या तरच. एका वर्षी उजवी नाकपुडी उघडेचना. एके दिवशी सकाळी माझ्याकडे चहा पिताना चहा ओठाच्या कडेनं ओघळून पातळावर पडला, तरी त्यांना पत्ता नाही. मग हळूच म्हणाल्या, "सुमन, हितं हात लाव. दुसऱ्या कुणाच्या गालाला हात लावल्यागत वाटायलंय."

नाकातून काळी खपली पडली, तेव्हा त्यांचे यजमान शिवप्पाकाका आणि मी त्यांना लातूरला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सायनस सुजला की कधी गालाची नस दबते, दाढेतल्या पुवानंही गाल बधिर होतो. पण साखर एवढी वाढलेली असताना बुरशी आधी बघावी लागते. ती थांबत नाही, डोळ्यापर्यंत चढते."

"अय्यो शिवा! बुरशी तर शिळ्या भाकरीला लागती," काकू म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. बुरशीच होती.

डोळा वाचला. उजवीकडचा वरचा जबडा आणि टाळूचा तुकडा मात्र काढावा लागला. गल्लीच्या टोकापर्यंत जिचा आवाज जायचा, ती बाई घरी आल्यावर तोंडाला पदर लावून बसू लागली. शब्द नाकातून येत, प्यालेलं पाणीही. दुधात कुस्करलेली भाकरी तेवढी उतरायची. शिवप्पाकाकाही समोर बसून तेच खाऊ लागले.

काकू चिडल्या. "तुमचे दात हायत की!"

"एकट्यानं चावायचा आवाज लई मोठा येतो गं," काका म्हणाले. एरवी दिवसभरात ते चार शब्द बोलत नसत.

काही महिन्यांनी लातूरला टाळूचं भोक बंद करणारी कवळी बसवली. परत आल्या त्या दुपारी मी तिथंच होते. काकूंनी भाकरीचा पापुद्रा मोडला, भाजीला लावला आणि डाव्या बाजूनं सावकाश चावला. आम्ही दोघं बघत राहिलो.

"मीठ कमी हाय," काकू म्हणाल्या. शब्द न् शब्द स्पष्ट.

काका मीठ आणायला आत गेले, ते बराच वेळ बाहेर आलेच नाहीत.