म्हाताऱ्याचं गाणं

दुरुस्तीवाल्याच्या दुकानात पंखे, मिक्सर आणि इस्त्र्यांची दाटी असायची, पण त्याचा जीव अडकलेला होता भिंतीकडेच्या खोक्यांत. त्यांत कॅसेट होत्या. कुठल्याही कंपनीने ज्यांना भीक घातली नाही, अशा लोकांनी आपल्या हिमतीवर केलेल्या. कुणी जुन्या लोकगीताला ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटारची जोड दिलेली, कुणी माउथऑर्गन वाजवत आपल्याच गल्लीवर गाणं रचलेलं. एखादं दुकान बंद पडतंय किंवा कुणी घर बदलतंय अशी नुसती कुणकुण लागली, की हा तिथे हजर. बायको म्हणायची, "लोकांचे नवरे घरात काहीतरी आणतात. आमचे दुसऱ्यांच्या घरातला कचरा आणतात."

औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत एक छोटं रेडिओ केंद्र होतं. आसपासच्या वस्त्यांपलीकडे ते ऐकू जात नसे. रविवार दुपारचा तास कुणालाच नको होता, कारण त्या वेळी जेवून सगळं जग आडवं होतं. तो याने मागून घेतला आणि आपल्या खोक्यांतली माणसं एकेक करून ऐकवायला लागला. दुकानातला टेप तो स्वतः उचलून वर न्यायचा. केंद्रातल्या यंत्रावर त्याचा काडीचा भरवसा नव्हता.

त्या तासाला नाव मिळवून दिलं ते एका गाण्याने. वाद्यांचं एक दुकान मोडीत निघालं, तेव्हा एका खोक्याच्या तळाशी बिननावाची कॅसेट सापडली होती. तिच्यात एकच गाणं होतं. संथ गिटार आणि खोल, थकलेला आवाज: दार लोटून ठेव, कडी लावू नको. दुरुस्तीवाल्याने ते पुढच्याच रविवारी लावलं. रेडिओवर तो गहिवरून म्हणाला, "मंडळी, हा म्हातारा मरणाच्या दारात उभा राहून निरोप घेतोय." लोकांना ते पटलं. दर रविवारी फोन यायचे, "म्हातारा लावा हो."

बायकोने पहिल्याच दिवशी नाक मुरडलं होतं. "अहो, हा माणूस गातोय की पेंगतोय? तुमच्या टेपची मोटर बघा."

"बाकीच्या कॅसेट बरोबर वाजतात ना? मग मोटरला काय धाड भरलीय? तुला गाण्यातलं काय कळतंय!"

मोटर खरंच ठीक होती. खोट कॅसेटमध्येही असू शकते, हे जन्मभर मोटरी उघडणाऱ्या या माणसाच्या ध्यानात यायला हवं होतं. ते आलं नाही, कारण त्याला म्हातारा हवा होता. माणूस एकदा एखाद्या गोष्टीच्या प्रेमात पडला, की कान असून बहिरा होतो.

पुढे काही वर्षांनी एका सकाळी एक बाई दुकानात आली. पन्नाशीची, गळ्याला रुमाल गुंडाळलेला. आधी त्याला वाटलं, इस्त्री दुरुस्तीला आणली असेल. पण तिचे हात मोकळेच होते. ती बोलली ती कुजबुजत, आणि त्या कुजबुजीतही राग मावत नव्हता.

"रविवारी तुम्ही ज्याचं गाणं लावता, तो माणूस कुठे राहतो? ते गाणं माझं आहे. चोरलंय त्याने."

ती लाँड्रीत कामाला होती. तिथल्या फळीवरच्या रेडिओवर ती इतकी वर्षं ते ऐकत आली होती आणि मनातल्या मनात जळत होती. दुरुस्तीवाला आपल्या म्हाताऱ्याला चोर ठरू देणार नव्हता. त्याने तरातरा कॅसेट काढून तिच्यापुढे धरली. "ही बघा. आहे काही पुरावा तुमच्याकडे?"

बाईने ती हातात घेऊन उलटसुलट केली. मग स्टुलावर बसली. "ही आमच्या घरची आहे, हा चरा दादाने ओढलेला," ती म्हणाली. "पण आमचं मशीन फार जोरात पळायचं. दादाने त्यात दुसरीच मोटर बसवली होती. त्यावर भरलेलं त्यावरच नीट वाजायचं."

दुरुस्तीवाल्याने टेपचं झाकण उघडलं, कॅसेट लावली आणि मोटरच्या मागचा वेगाचा स्क्रू हळूहळू फिरवायला घेतला. गिटार जागी झाली. म्हाताऱ्याचा आवाज वर चढत गेला, त्याचा थकवा गळून पडला, आणि दुकानात एक विशीतली मुलगी गायला लागली. भरदार आवाज होता, आणि त्यात मरणाचा मागमूस नव्हता.

"कामासाठी घर सोडत होते," बाई म्हणाली. "परत येणार होते ना, म्हणून दादाला सांगितलं, कडी लावू नको." तिने तोंडावर रुमाल धरला. त्यालाही रडू आवरेना. नंतर तिने सांगितलं, की दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. तोवर लाँड्रीत ती रोज गुणगुणायची.

त्या रविवारी तिला शेजारी बसवून त्याने सगळी चूक रेडिओवर सांगितली आणि गाणं खऱ्या वेगात लावलं. फोन लगेच खणखणले. पहिलाच गरजला, "ही कोण पोरगी? आमचा म्हातारा द्या." दुसऱ्यानेही तेच म्हटलं. दुरुस्तीवाल्याने दोघांना सांगितलं, "म्हातारा नव्हताच हो. मी केला होता तो."

तिसरा फोन एका बाईचा होता. "काय गळा आहे! आल्या आहेत ना त्या? मग माईकसमोर बसवून त्यांच्याकडून गाऊन घ्या की."

अशाच फोनसाठी तो आयुष्यभर भंगार उपसत आला होता. वेळेवर स्क्रू फिरवला असता, तर लाँड्रीतल्या बाईने आपला आवाज ओळखला असता, आणि गळा शाबूत असताना ती या खुर्चीवर बसली असती. "आता त्यांना गाता येत नाही," तो म्हणाला. "माझ्यामुळे उशीर झाला."

शेजारी बसलेल्या बाईने त्याच्याकडे पाहिलं नाही, त्याची समजूतही घातली नाही. माईक आपल्याकडे ओढून ती तिच्या त्या फाटक्या कुजबुजीत म्हणाली, "पुन्हा लावा."

त्याने कॅसेट मागे घेतली आणि पुन्हा लावली.