ज्वालामुखीच्या बेटावरचा नवा भात

"आधी जेवा, मंग बोला." रडणारं पोर असो की तपासणीला आलेले साहेब, ती सगळ्यांना हेच सांगायची, आणि सांगताना हातातला झारा समोरच्याच्या नाकापर्यंत आणायची. मूल गावाजवळच्या आमच्या शाळेत ती खिचडी शिजवायची, मी शिकवायची. पोरं कोणासाठी यायची, ते मात्र विचारू नका.

मी निवृत्त झाले त्या वर्षी जपानात राहणाऱ्या माझ्या लेकीने दोन तिकिटं पाठवली. "खिचडीवाल्या बिचारीला जरा फिरवून आणते," असं मी गावभर सांगितलं. खरं सांगू? एकटीने विमानात बसायची माझीच हिंमत नव्हती. तेव्हा मी अठ्ठावन्नची. अक्कल यायला अजून अवकाश होता.

निघायच्या दिवशी तिच्या पिशवीतून नव्या तांदळाची पुडी निघाली. तिचं माहेर भामरागडकडच्या जंगलातलं. त्यांच्यात नवा भात आधी घरातल्या गेलेल्या माणसांना वाढायचा, मग आपण खायचा. नवरा गेल्यापासून घरात हे तीच करायची, आणि त्या वर्षीचा नव्याचा दिवस नेमका आमच्या प्रवासात येत होता.

"धान्य नेऊ देत नाहीत तिकडे," मी वर्गातल्या आवाजात सांगितलं. "आणि तुझी ती माणसं समुद्र ओलांडून कशी येणार गं?"

तिने पुडी काढून ठेवली.

लेकीने आम्हाला ज्वालामुखीच्या एका बेटावर नेलं. समुद्राकाठचं जुनं गाव, लाकडी धर्मशाळांसारखी घरं. आलेले पाहुणे सुती झगे घालून, खडावा वाजवत गरम झऱ्यांच्या न्हाणीघरांकडे चाललेले. मागे डोंगर धूर सोडतोय आणि रस्त्याकडेच्या गटारांतूनही वाफ.

"इथी बी खाली कोळसा जळून राह्यला का?" तिने विचारलं. तिची बहीण घुग्घुसला कोळशाच्या खाणींजवळ राहते ना, तिथे जमिनीखाली कोळसा धुमसत असतो!

मी तिला ज्वालामुखी समजावून सांगितला. चांगली दहा मिनिटं, लाव्हारसासकट.

"म्हणजे चूल," ती म्हणाली.

पण तीन दिवस तिने भाताला हात लावला नव्हता. तिकडेही कापणीचे दिवस, दुकानादुकानात नवाच तांदूळ. आमच्या भातखाऊ मुलखातली बाई आणि ताटात नुसती रताळी! लेक काळजीत, आणि मी चिडलेली. "परक्या मुलखात शोभतं का हे?" मी म्हणाले. "त्याईले दाखवल्याबिगर गळ्याखाली नाई उतरत, बाई," एवढंच तिचं उत्तर.

चौथ्या दिवशी समुद्राजवळ दगडी चुली दिसल्या. लाकूड नाही, गॅस नाही. जमिनीतल्या वाफेवर सगळं शिजतंय. एका म्हातारीने झाकण उचललं आणि आमची बाई जागच्या जागी थांबली.

"नवा हाय," ती म्हणाली. नुसत्या वासावर.

सरळ म्हातारीपुढे गेली. जमीन दाखवली, आभाळ दाखवलं, मग ओंजळ पुढे केली. मी? मी पाठ फिरवून समुद्राचे फोटो काढायला लागले. ही बाई कोण, कुठली, मला ठाऊकच नाही!

वळून पाहिलं तर म्हातारीने रुंद पानावर भाताची मूद दिली होती. आमच्या बाईने ते पान वाफेजवळ ठेवलं, उकिडवी बसली आणि एकेक नाव घेऊ लागली. नवऱ्याचं नाव घेताना अडली, लाजली, मग घेतलं. शेजारी म्हातारीनेही डोळे मिटून हात जोडले.

"आले का सगळे?" मला टोमणा मारल्याशिवाय राहवेना.

"तुमी आल्या, तं ते काऊन नाई येणार?"

आणि माझ्या तोंडात घास कोंबला. चावता चावता मी दुसऱ्या घासासाठी हात पुढे केला.

मागच्या उन्हाळ्यात ती गेली. यंदा नव्याच्या दिवशी तिच्या लेकाने मला जेवायला बोलावलं. मी पोचले तेव्हा तो पळसाच्या पानावर भात वाढून नावं घेत होता. आजा झाला, आजी झाली, बाप झाला. शेवटी त्याने आईचं नाव घेतलं.

मी दारातच उभी होते. पटकन बाजूला सरकले, वाट मोकळी केली.