बावीस नावांना ओ आली नाही

"पाह्यलं का आयकलं?"

गुरुजींना कोणी काहीही सांगितलं की ते आधी हे विचारायचे. मान जरा डावीकडे झुकवायचे, बोट कानाच्या पाळीला लावायचे आणि उत्तर येईपर्यंत तसेच थांबायचे.

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याबद्दल माफी असावी. ही वही मी कोणाला दाखवणार नाही. तरी समोर वाचणारं कोणी बसलं आहे असं धरूनच लिहिते, नाहीतर हात पुढे जात नाही.

बाभुळगावच्या अलीकडे आमचं गाव. मालक वारल्यावर मी शाळेत पाणी भरायला लागले. सकाळी विहिरीवरून दोन रांजण भरायचे, वर्ग झाडायचे, मग दिवसभर ओसरीवर रांजणापाशी बसायचं. मला चार माणसांत बोलायला यायचं नाही. कोणी नाव विचारलं तरी पदर तोंडाशी जायचा. अशा बाईला लोक विसरून जातात. म्हणून तिला बरंच काही दिसतं.

गुरुजी आमच्या शाळेत आले ते नागपूरच्या बौद्ध दीक्षेनंतर तीन-चार वर्षांनी. त्यांच्या घरच्यांनीही दीक्षा घेतली होती. पहिल्या दिवशी ते रांजणापासून चार हात दूर उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, मी घेऊ का तुम्ही वाढता?" मी वरून वाढलं. ते ओंजळीनं प्यायले. वर्षभर हेच चाललं. मग एका उन्हाळ्यात मी गडवा भरून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला. 

गावातले लोक त्यांची थट्टा करायचे. एकदा बातमी आली की नाल्यात वाघ उतरला आहे. गुरुजींनी सांगणाऱ्याला विचारलं, "पाह्यलं का आयकलं?" तो म्हणाला, "आयकलं जी, सखारामनं पाह्यला." गुरुजी भर उन्हात सखारामकडे गेले. सखाराम म्हणाला, "मी कायले पाहू, मले बायकोनं सांगतलं." बायको म्हणाली, तिला जावेनं सांगितलं. जाऊ म्हणाली, "वाघ कोन म्हनते जी, पिवळं कुत्रं होतं." गुरुजी परत आले, घाम पुसला आणि मुलांना म्हणाले, "चार घरं लागली. कुत्र्याचा वाघ व्हाले चार घरं पुरतात."

त्या वर्षी पेपरात एका खटल्याच्या बातम्या येत होत्या. ज्यू लोकांच्या देशात एका जर्मन अंमलदारावर तो चालला होता. पेपर आमच्याकडे एक दिवस शिळा यायचा. गुरुजी तो सातवीच्या वर्गात वाचायचे. पुस्तकात दुसऱ्या मोठ्या लढाईचं पान होतं, पण लाखो ज्यू माणसं घरातून उचलून नेऊन मारली, त्यात लेकरं होती, हे दोन ओळींतच होतं. एका मुलानं विचारलं, "गुरुजी, एवढी मानसं नेली तं शेजारच्यांले दिसलं नाही का?"

गुरुजींनी पेपर घडी करून ठेवला. दुसऱ्या दिवशी जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं.

सातवीत तेवीस मुलं. सकाळी हजेरी झाल्यावर गुरुजींनी तिघांच्या बाहीवर खडूची एकेक रेघ ओढली आणि त्यांना ओसरीसमोरच्या चिंचेखाली पाठवलं. जाताना सांगितलं, बोलायचं नाही, खेळायचं नाही. वर्गाला सांगितलं, "ते कुठं गेले हे कोनी इचारायचं नाही." थोडा वेळ गणित शिकवलं. मग पुन्हा पूर्ण हजेरी घेतली. तिघांच्या नावापाशी ते थांबले, वाट पाहिली आणि पुढचं नाव घेतलं. मग आणखी चौघांना रेघ.

असं जेवणाच्या सुट्टीपर्यंत चाललं. चिंचेखाली मुलं वाढत गेली. टळटळीत दुपार, आणि एवढी मुलं एका जागी बसलेली, पण आवाज नाही. एक बकरी आली आणि एकाच्या पिशवीतली भाकर ओढून खाऊ लागली. कोणी तिला हाकललं नाही. आतून गुरुजी नाव घ्यायचे. ज्याचं नाव, तो माझ्यासमोर मान खाली घालून बसलेला. नाव त्याच्या डोक्यावरून जायचं, शेतापर्यंत जायचं आणि कुठं थांबायचं ते कळायचं नाही.  मला वाटलं उठावं आणि त्यांच्या वतीनं मीच ओ द्यावी. मी उठले नाही.

शेवटी वर्गात एकटी कमल उरली. देवरावभाऊंची मुलगी, अकरा-बारा वर्षांची. गुरुजींनी सगळी नावं घेतली. बावीस नावांना ओ आली नाही. तेविसाव्या नावाला कमल "हजर" म्हणाली आणि तिला रडू फुटलं. ते थांबेना.

गुरुजींनी सगळ्यांना आत बोलावलं. म्हणाले, "मी इचारू नका म्हटलं, अन् कोनीच इचारलं नाही. तिथंही असंच झालं." मग ओसरीकडे बोट दाखवून म्हणाले, "मी पोट्टा होतो तवा आमच्या गावच्या शाळेत चार वर्ग अशाच ओसरीवर बसलो. तेव्हाही कोनी इचारलं नाही."

संध्याकाळी कमलला ताप आला. आमच्याकडे बाया म्हणतात की हाक मारली आणि ओ आली नाही, तर ते नाव दुसरंच कोणीतरी उचलून घेतं. घरोघरी मुलांच्या बाह्या पाहिल्या गेल्या. खडूच्या रेघेचा रात्रीतून अंगारा झाला. देवरावभाऊ कापूस घेऊन यवतमाळला गेले, तिथं अडत्यापाशी बोलले, अडत्या आणखी कोणापाशी बोलला. आठ दिवसांनी तिथल्या एका साप्ताहिकात छापून आलं. पाच वाक्यं होती. मास्तर मुलांना अंगारा लावतात. मेल्याचं सोंग करायला लावतात. नावं घेऊन मेलेल्यांचे आत्मे बोलावतात. जर्मनीत झालं ते चांगलं झालं असं शिकवतात. एक मुलगी भीतीनं आजारी पडली.

छापलेलं आल्यावर गावाचा सूर बदलला. जे आधी "म्हनतात बाप्पा" म्हणत होते ते आता "पेपरात आहे" म्हणू लागले. दोन बायांनी मला विचारलं, "तू त्याले पानी देतं ना वो? भेव नाही लागत?" मी पदर तोंडाशी घेतला.

चौकशीला खात्याचे साहेब आले. साप्ताहिकाचं कात्रण त्यांनी सोबत आणलं होतं. नोकरी जाईल असंच सगळे बोलत होते. गुरुजींच्या घरी म्हातारी आई आणि दोन लहान मुलं. साहेबांच्या परवानगीनं गुरुजींनी ती पाचही वाक्यं फळ्यावर लिहिली, सरळ अक्षरात, जणू दुसऱ्याच कोणाबद्दल होती. साहेब एकेकाला विचारत गेले. गावातली मोठी माणसं आली, सगळ्यांनी नुसतं ऐकलं होतं. मुलांनी बाह्या दाखवल्या, खडू दाखवला. पहिल्या चार वाक्यांवर साहेबांनी काट मारली. चौथ्याच्या वेळी तर एक मुलगा रागानं म्हणाला, "चांगलं झालं कोन म्हनलं जी? गुरुजीच्या डोयात पानी होतं."

पाचवं राहिलं. साहेब म्हणाले, "दिवसभर ओसरीवर कोण असतं?"

मला आत बोलावलं.  खिडकीबाहेर माणसं उभी होती, त्यांत देवरावभाऊ. मी आयुष्यात पहिल्यांदा साहेबासमोर तोंड उघडलं आणि खोटं बोलले. म्हटलं, "कमल त्या दिशी शाळेत नव्हतीच जी. घरीच ताप होता तिले."

साहेबांनी काट मारायला खडू उचलला. तेवढ्यात गुरुजींनी मान डावीकडे झुकवली.

"बाई, पाह्यलं का आयकलं?"

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.  मला त्यांचा राग आला. वाचवायला निघालेल्या माणसाचा हात कोणी असा सोडवून घेतं का, असं वाटलं.

"पाह्यलं," मी म्हटलं.

"मग पाह्यलं ते सांगा."

मी सांगितलं. ती शेवटी एकटी उरली, रडली, चालताना तिचा तोल जात होता, हे सगळं.

साहेबांनी खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "मास्तर, बाईंचं मी लिहून घेतलं असतं. सगळंच खोटं ठरलं असतं."

गुरुजी म्हणाले, "पोरगी तापली होती साहेब. तीन दिवस रोज सांजेले मी तिच्या आंगनात जाऊन उभा राह्यलो. आत बोलावतीन असं नव्हतं, पन तिचं कन्हनं आयकू ये. तिले शेवटची ठेवाले नव्हतं पाह्यजे. हे माझं चुकलं. लिहा."

खिडकीबाहेर देवरावभाऊ उभे होते. ते तीन दिवस घरात होते आणि अंगणात कोण उभं आहे हे त्यांना माहीत होतं. ते तिथून निघून गेले.

नोकरी गेली नाही. बदली झाली, झरी जामणीकडे, जंगलातल्या एका गावी. साप्ताहिकात बदलीची बातमी आली. चार वाक्यं खोटी निघाली हे कुठं आलं नाही. मी पुढचे अंक मागून घेऊन बोट ठेवून वाचले, म्हणून सांगते.

गुरुजी जायच्या दिवशी, बाभुळगावच्या मोटारीपर्यंत सोडायला, देवरावभाऊंनी आपली बैलगाडी त्यांच्या दारात आणून लावली. लोखंडी पेटी आणि पुस्तकांचं गाठोडं स्वतः उचलून गाडीत ठेवलं, गवताची पेंढी सारखी करून म्हातारीला आणि लेकरांना बसवलं. गुरुजी म्हणाले, "भाऊ, पैसे किती?" देवरावभाऊंनी फक्त कासरा सैल केला.

मी ओसरीवरून पाहत होते. गाडी वळणापर्यंत दिसली.

उन्हं उतरताना तीच गाडी परत आली. आत कोणी नव्हतं. बसायची जागा मोकळी होती, पण देवरावभाऊ तिथं बसले नव्हते. विटाळाचं म्हणाल, तर म्हातारीला त्यांनी स्वतःच्या हातानं बसवलं होतं. पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरले होते; बाभुळगावापासून सगळी वाट ते बैलांच्या बाजूनं पायी चालत आले होते.