काकाजींनी दाबलेलं 'येस'

गेल्या महिन्यात काकाजी गेल्याचा फोन आला, तेव्हा मी गोंदियातल्या माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकाचा कॉम्प्युटर फॉरमॅट करत होतो. "बरं," म्हटलं आणि आधी ते काम उरकलं. सख्खा काका गेला आणि मला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर हायसं... आता लपवून काय करू?

काकाजी कामठ्याचे रिटायर मास्तर. समाजातली लग्नं जुळवायचा त्यांना भारी ध्यास. मुलींचे फोटो नि बायोडाटे आधी त्यांच्या कपाटात कुलपात असत. दोन हजार सहाच्या सुमारास मीच त्यांना कॉम्प्युटर बसवून दिला, तेव्हा ते सगळं त्यात गेलं. मुलीच्या बापाला विचारल्याशिवाय ते फोटो कोणालाच दाखवायचे नाहीत, मग समोर नवरदेवाची आई का असेना. पण कॉम्प्युटरसमोर माणूस पार भोळा! स्क्रीनवर काही विचारणारी चौकट आली की हे 'येस' दाबणार. मी खेकसायचो, "काकाजी, कायले दाबून राहिले? बंद करा न ते!" तर म्हणायचे, "अरे, तो विचारून राहिला. विचारल्यावर जवाब द्याव लागते, बापू." जन्मभर वर्गात पोरांकडून उत्तरं घेतलेला मास्तर तो, प्रश्न तसाच सोडणं त्यांना जमायचंच नाही. म्हणून मी चांगला अँटिव्हायरस टाकून दिला. काकाजींनी नको तिथं 'येस' दाबलं तरी तो अडवायचा.

आणि मी काय केलं? दर रविवारी तिथं जेवायला जायचो आणि फुकटची गाणी उतरवत बसायचो. त्या भंगार साइटवर अँटिव्हायरस आडवा यायचा. एका रविवारी मी तो बंद केला, गाणी घेतली आणि परत सुरू न करताच निघून आलो. विसरलो नव्हतो. कंटाळा केला. मोठा शहाणा ना मी!

महिनाभरात सालेकशाकडच्या एका मुलीचा फोटो फोन नंबरासकट नको त्या साइटवर दिसला. तिचं ठरलेलं लग्न मोडलं. काकाजींच्या ओसरीत समाजाची बैठक बसली आणि जाणकार म्हणून मशीन तपासायला मलाच बोलावलं. आत स्पायवेअर निघालं, चोरासारखं बसून फायली बाहेर पाठवणारं. ते शिरल्याची तारीख समोर दिसत होती... माझाच रविवार. मुलीच्या बापानं विचारलं, "कोणाची चूक हाये, सांगा." सगळे माझ्या तोंडाकडे पाहू लागले. मी म्हणालो, "काकाजी समोर येईल त्याला 'येस' म्हणतात."

एकदोघे हसलेसुद्धा. काकाजींनी हात जोडले. "असंल. मीच दाबलं असंल." तो बाप म्हणाला, "गुरुजी, विश्वासानं फोटो देला होता. तेवढाही सांभाळता नाही आला?" त्यांनी मान खाली घातली. मी वायर गुंडाळत होतो. त्यानंतर त्या ओसरीत कोणीही बायोडाटा घेऊन आलं नाही. सात वर्षं मी तिथं जात राहिलो, जेवत राहिलो. तोंड काही उघडलं नाही.

तेरवीला काकू माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "त्या बैठकीपासून हे कोणालेच हो म्हणत नव्हते. चहा घेता का विचारलं, तरी माझ्याकडे पाहत. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, दुखून राहिलं का? तर मले म्हणे, 'काय सांगू?' दुखत होतं रे... लय दुखत होतं."

मी होला हो केलं आणि पंगतीत पाणी वाढायला उठलो.

मी हे ज्यात लिहितोय तो हा पेपर काकूकडे अजून येतो. तिला वाचता येत नाही. सकाळी खाटेवर बसून काकाजीच तिला वाचून दाखवत. आता पेपर त्या खाटेवर न उघडता साचत राहतो. वाचून दाखवणारं घरात कोणी उरलं नाही, म्हणून तर हे लिहायची माझी हिंमत झाली.